घसा बसला, आता काय करू? गाण्याच्या क्लासला रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेकडं माझा छोटासा गाण्याचा क्लास आहे. त्याआधी वीस वर्षं शाळेत शिकवलं. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, रात्री साडेअकराला पण येतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. गाणं शिकवते आणि एकदा स्वतःचा आवाज घालवून परत मिळवलाय, एवढंच माझं क्वालिफिकेशन समजा.

आवाज नेमका तयार कुठं होतो?

गळ्यात पुढं हाताला जे कडक उंचवट्यासारखं लागतं ना, पुरुषांना जास्त, बायकांना कमी, त्याच्या आत. तिथं दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात, पण तंतू म्हणण्यासारखं काही नाही, ओठांसारख्या दोन मऊ घड्या आहेत त्या. मोठ्या माणसात दीड-दोन सेंटीमीटर लांब, बायकांच्या जरा आखूड. श्वास घेताना उघडतात, गाताना जवळ येतात आणि खालून येणाऱ्या हवेनं थरथरतात. आता थरथरतात म्हणजे किती, तर काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, सा लावलेला पुरुष सेकंदाला साधारण १३८ वेळा त्या घड्या एकमेकींवर आपटतो, काळी पाचला सा लावणारी बाई २३३ वेळा, आणि तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लावला की त्याच्या दुप्पट. तासभर रियाज म्हणजे लाखांत हिशोब जातो. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

घड्यांचा आवाज स्वतः अगदी किरकोळ असतो बरं का. त्याला गोलाई, भरीवपणा येतो तो वरच्या पोकळीमुळं, म्हणजे घसा, तोंड, नाक. तारेला भोपळा मिळाला की कशी गाज येते, तसंच.

‘पोटातून गा’ म्हणतात सगळे, म्हणजे नक्की काय करायचं?

पोटात हवा जात नाही, पोटात भाकरी जाते. हवा फुप्फुसातच जाते. पण फुप्फुसाच्या खाली घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल, तो श्वास घेताना खाली सरकतो आणि पोटातल्या सगळ्या मंडळींना पुढं ढकलतो, म्हणून पोट बाहेर येतं. खांदे वर गेले म्हणजे समजायचं की श्वास वरच्यावर घेतलाय.

क्लासला मी पहिल्या दिवशी सतरंजीवर उताणं झोपवते आणि पोटावर वही ठेवायला सांगते. वही वर जाते, खाली येते. मुलं हसतात, काका लोक लाजतात. पण झोपल्यावर कुणालाच चुकीचा श्वास घेता येत नाही, ते शरीराला येतंच, उठून बसलं की विसरतो आपण. मग बसून, हात खालच्या बरगड्यांवर ठेवून तेच. आणि मग दात जवळ आणून स्स्स्स असा बारीक, एकसारखा आवाज सोडायचा, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. पंधरा-वीस सेकंद एका जाडीचा सुटला की झालं. दमसास म्हणजे हवा किती भरली हे नाही, किती कंजूषपणे सोडली हे आहे. काहीजण गच्च भरून घेतात, गळ्यापर्यंत, मग पहिल्याच सुराला सगळं फस्सकन निघून जातं. बोलायला लागते त्यापेक्षा थोडी जास्त हवा, बास.

माझी पट्टी कोणती? हार्मोनियमवाले म्हणतील ती का?

पट्टी म्हणजे आपण आपला सा ज्या सुरावर धरतो ती जागा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. माझ्याकडं येणाऱ्या बसलेल्या घशांपैकी बरेचसे गाण्यानं बसलेले नसतात. एक तर चुकीच्या पट्टीत गाऊन बसलेले असतात, नाहीतर दिवसभर ओरडून बोलून.

आमच्याकडं भजनी मंडळात पट्टी ठरवतो पखवाज. पखवाज काळी चारला चढवलेला असतो कारण तिथं तो कडक वाजतो, मग सगळ्या मंडळींनी त्याच्या मागं धावायचं. पुरुषाला काळी चारचा मध्य सा लागतो, काही अडचण नाही, पण अभंग वर गेला की तार सा, तार रे, सेकंदाला चारशेच्या वर घड्या आपटतायत आणि ते पण पूर्ण छातीच्या जोरावर. मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या, डोळे मिटलेले, लोक म्हणतात काय तल्लीन झालेत. काहींचा गळा मुळातच तसा असतो, त्यांना ते शोभतं आणि झेपतं पण, नाही असं नाही. बाकीच्यांचा चौथ्या अभंगाला घोगरा होतो.

पट्टी काढायची पद्धत सोपी आहे. सकाळी नको, सकाळी आवाज खालीच असतो, दुपारी किंवा संध्याकाळी काढा. हार्मोनियमवर किंवा मोबाईलवर एकेक सूर खाली उतरत जा, आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत. जिथपर्यंत आवाज स्वच्छ ऐकू येतो, नुसती घरघर नाही, तो तुमचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम (प) किंवा मध्यम (म) धरा आणि त्यावरून सा मोजा. मग त्या सा वरून वर जा, तार गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या ग-म पर्यंत, मान न ताणता जाता आलं पाहिजे. नाही आलं तर अर्धी पट्टी खाली. बहुतेक पुरुष काळी एक, पांढरी दोन, काळी दोनच्या आसपास येतात, बायका काळी तीनपासून काळी पाचपर्यंत कुठंतरी. पण बहुतेक म्हणजे तुम्ही नव्हे. शेजारणीची काळी पाच आहे म्हणून आपली पण काळी पाच, असं साडीसारखं करू नका.

आणि पट्टी आयुष्यभर एकच राहत नाही. माझी स्वतःची गेल्या बारा वर्षांत एक सूर खाली आलीय, मला आधी वाईट वाटलं होतं, आता काही वाटत नाही.

वर गेलं की आवाज चिरकतो किंवा एकदम पातळ होतो. दोष आहे का?

दोष नाही, सांधा आहे. खालच्या सुरांना त्या घड्या जाड आणि आखूड असतात, वर जाताना ताणल्या जाऊन लांब आणि पातळ होतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर बघा, खुंटी पिळली की तार ताणते आणि सूर चढतो, तसंच. फरक एवढाच की आपल्याला जाड तारेवरून पातळ तारेवर चालू गाण्यात उडी मारायची असते. तिथं जाड तारच हट्टानं ताणत राहिलं की एका जागी ती सुटते आणि आवाज फाटतो.

उपाय जोर लावणं हा नाही, आवाज हलका करत वर जाणं हा आहे. खालून वर घसीट घेत ‘ऊ’कारात जा, सायरनसारखं, अगदी बारीक आवाजात. जिथं खटका बसतो तिथंच चार-पाच वेळा ये-जा करा. महिन्या-दोन महिन्यात खटका गुळगुळीत व्हायला लागतो. आकारात लगेच करू नका, आकार अवघड आहे, तोंड उघडं पडलं की सगळी लपवाछपवी बाहेर येते.

माझा आवाज बारीक आहे, भारदस्त कसा करू?

करू नका. मिरजेत राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला तर मी आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात पाठवते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेले, तिथंच त्यांची कबर आहे आणि उरुसाला अजून तिथं गाणं होतं. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐका. आवाज बारीक, उंच, नाजूक, कुठंही छाती काढून दाखवलेली नाही. आणि किराणा घराण्याचं सगळं सुरेलपण त्यातून उभं राहिलं. बारीक आवाज मुद्दाम जाड करायला गेलं की जिभेचं मूळ मागं दाबलं जातं, आवाज घशात अडकल्यासारखा येतो, बेडूक बोलल्यासारखा म्हणा हवं तर. आपल्याला आतून तो भारदस्त वाटतो, समोरच्याला नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं की पाच मिनिटांत गैरसमज जातो.

खर्ज भरायलाच पाहिजे का? आणि पहाटे चारलाच?

खर्ज भरणं चांगलंच आहे. खालचे सूर सावकाश, मऊ, लांब लावले की घड्या सैल राहतात, श्वासावर ताबा येतो, कान तयार होतो. पण दोन गोष्टी. एक, खाली खाली जायची स्पर्धा नको. मंद्र सा लागत नसताना घरघर काढत बसलं की ते पण ओरडण्याइतकंच वाईट, कारण घसा दाबूनच तो आवाज निघतो. दुसरं, पहाटेचं वेळापत्रक ज्यांना दिवसभर दुसरं काम नव्हतं त्यांचं आहे, आपल्याला साडेसातची एस्टी असते. सकाळी उठल्यावर घड्या जराशा सुजलेल्या, कोरड्या असतात, म्हणून आवाज जाड लागतो. उठल्याउठल्या सरळ ताना मारायच्या नाहीत. पाणी प्या, घरात दोन शब्द बोला, चहा घ्या, मग बसा. संध्याकाळी सातला खर्ज भरला तर सरस्वती रागावत नाही.

रियाज किती करायचा?

नवीन असाल तर वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. सलग दोन तास रविवारी एकदाच, हे सगळ्यात वाईट, आठवडाभर बसून रविवारी एकदम गड चढायला गेल्यासारखं. रियाज झाल्यावर आवाज सुरुवातीपेक्षा मोकळा लागला पाहिजे. जड लागला, खरखरला, बोलताना खाली गेल्यासारखा वाटला, की समजा आज जास्त झालं. अर्धा रियाज नुसता ऐकण्याचा पण असतो, तानपुरा लावून गप्प बसा जरा, त्याला काही कुणी दंड करत नाही.

स्ट्रॉचा व्यायाम काय आहे? क्लासमध्ये सगळे बाटलीत बुडबुडे काढतात म्हणे?

हो, आणि पालक दारातून बघून म्हणतात की फी कशाची घेते ही.

अर्ध्या लिटरच्या बाटलीत निम्मं पाणी घ्यायचं, त्यात नारळपाण्याची जाड स्ट्रॉ दोन-तीन बोटं बुडवायची, ओठ गच्च मिटून त्यातून ‘ऊ’ म्हणायचं. नुसती फुंकर नाही, आवाज पाहिजे, हात गळ्याला लावला तर थरथर लागली पाहिजे. बुडबुडे एकसारखे, बुडबुडबुडबुड, मध्येच मोठा फुगा आला म्हणजे हवा जास्त गेली. मग तसंच सूर वर-खाली न्यायचा, सा ते प, प ते सा. तोंड जवळजवळ बंद असल्यामुळं हवेचा थोडा दाब उलटा मागं येतो आणि घड्यांना आधार देतो, त्या एकमेकींवर आपटण्याऐवजी हलकेच टेकतात. त्यामुळं जोर न लावता आवाज निघायची सवय लागते. पाश्चात्य देशात व्हॉइस थेरपीत हे सर्रास वापरतात. आपल्याकडं भ्रामरी प्राणायाम आहे, ओंकारातला शेवटचा म्म्म्म आहे, काम थोडंफार तेच. लहान मुलं ओठ फुरफुरवत गाडी चालवतात ना, ब्र्ररर करत, ते पण चालतं, फक्त सुरात करा.

कार्यक्रमाआधी पाच मिनिटं आणि कार्यक्रमानंतर पण दोन-तीन मिनिटं. नंतरचं कुणीच करत नाही.

रियाज करताना घसा दुखतो. आमचे सर म्हणतात दुखल्याशिवाय गळा तयार होत नाही.

मला पण लहानपणी एका गुरुजींनी असंच सांगितलं होतं, की आवाज एकदा पूर्ण फुटला पाहिजे, मग खरा गळा निघतो. मी विश्वास ठेवला. गुरुजींबद्दल राग नाही, त्यांनी राग चांगले शिकवले, घशाबद्दल मात्र त्यांना काही माहीत नव्हतं.

पायाचे स्नायू व्यायामानं दुखले तर ते वेगळं. गाण्यात पोटाच्या कडा, बरगड्या दमल्या तर हरकत नाही. पण घसा दुखणं, टोचणं, सारखं खाकरावं वाटणं हे तयारीचं लक्षण नाही, इजेचं आहे. थांबायचं. त्या दिवसापुरतं वही मिटायची. आणि खाकरणं पण बंद करा, कारण खाकरताना त्या दोन घड्या जोरात एकमेकींवर घासल्या जातात, त्यानं अजून चिकटा सुटतो, मग अजून खाकरावं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी प्या, नाहीतर आवंढा गिळा.

बसताना पण बघा जरा. मांडी घालून हार्मोनियमच्या भात्यावर झुकलेले, मोबाईल मांडीवर, त्यात शब्द बघत मान खाली, आणि वरचा सूर आला की हनुवटी वर. असं कुठं सूर लागेल का. बुडाखाली चादरीची घडी घ्या, पाठ आपोआप सरळ होते, मोबाईल डोळ्यासमोर स्टँडवर ठेवा.

आवाज बसलाय आणि उद्या कार्यक्रम आहे!

हा फोन गणपतीत रोज येतो. सर्दी-खोकल्यानं बसला असेल तर घड्या सुजलेल्या आहेत, त्यावर गायलं तर क्वचित आत रक्तस्रावसुद्धा होऊ शकतो. म्हणून गाताना एकदम आवाज गेला, पुटकन काहीतरी झाल्यासारखं, तर तिथंच थांबायचं, तो कार्यक्रम तिथंच संपला असं समजायचं आणि डॉक्टरांकडं जायचं.

नुसतं थकून बसला असेल तर गप्प बसा. गप्प म्हणजे कुजबुज पण नाही. लोकांना वाटतं हळू कुजबुजलं की आराम, पण जोर लावून केलेल्या कुजबुजीत घसा उलट जास्त आवळला जातो. बोलायचंच असेल तर साध्या, मऊ आवाजात कमी बोला. साध्या पाण्याची वाफ पाच-दहा मिनिटं, त्यात बाम-बिम काही टाकू नका, घरगुती उपायांत वाफच काय ती थेट तिथपर्यंत पोचते. मिठाच्या गुळण्या घशाच्या मागच्या भागाला बरं वाटायला ठीक, स्वरतंतूंपर्यंत त्या जात नाहीत, जात असत्या तर ठसका लागला असता. पट्टी दोन सूर खाली घ्या, दोन गाणी कमी करा, संयोजकांना खरं सांगा. आणि स्टिरॉइडची गोळी कुणी मित्रानं दिली म्हणून घेऊन गाऊ नका, ती डॉक्टरनं तपासून द्यायची गोष्ट आहे. अंग दुखतंय म्हणून आदल्या दिवशी ॲस्पिरिन पण नको, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डॉक्टरकडं कधी जायचं?

माझंच सांगते. साठ पोरांचा वर्ग, खिडकीबाहेर रस्ता, खडूची धूळ, सहा तास बोलायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वरच्या पट्टीत नाट्यगीतं. आधी फक्त शुक्रवारी आवाज बसायचा, सोमवारी ठीक. मग बुधवारीच बसायला लागला. मग वरचे हलके सूर गेले, जोरात म्हटलं तर लागायचे, हळू म्हटलं की नुसती हवा. मी सहा महिने आल्याचा रस पीत बसले. शेवटी मिरजेत एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडं गेले. तोंडातून कॅमेरा घातला, जीभ कापडानं धरून बाहेर ओढली होती आणि ‘ई’ म्हणायला लावलं, आणि स्क्रीनवर माझाच आवाज मला पहिल्यांदा दिसला. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोन्हीवर समोरासमोर, पुढच्या भागात, तांदळाच्या कणीएवढा एकेक उंचवटा. गाठी. मी रडायलाच लागले, म्हटलं कॅन्सर. डॉक्टर म्हणाले घट्टे आहेत बाई, खुरपं धरणाऱ्याच्या हाताला पडतात तसे.

ऑपरेशन नाही लागलं. अशा गाठींना बहुतेक वेळा आधी व्हॉइस थेरपीच देतात. तीन महिने स्पीच थेरपिस्टकडं गेले, बोलायचं कसं ते चाळिसाव्या वर्षी शिकले. शाळेत छोटा माईक घेतला, मुलांना गप्प करायला टाळी वाजवायला लागले. गाणं दोन महिने बंद, मग दहा-दहा मिनिटं. सगळ्यांचंच असं सोप्यात निभावत नाही, पॉलिप, म्हणजे घडीवर वाढलेला मऊ फुगवटा, असेल तर बऱ्याचदा ऑपरेशन लागतं.

तर नियम असा, की घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा डॉक्टर, मेडिकलवाला नाही. तंबाखू खात असाल, बिडी ओढत असाल, गिळताना त्रास होत असेल, थुंकीत रक्त असेल, मानेला गाठ लागत असेल, तर तेवढं पण थांबू नका. घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. एका श्वासात स्स्स किती सेकंद धरता येतो ते मोजा आणि मग माशी गुणगुणते तसा झ्झ्झ किती धरता येतो ते. दोन्ही जवळपास सारखे यायला पाहिजेत. स्स्स वीस सेकंद आणि झ्झ्झ बाराच, असं दोन-तीनदा मोजून पण आलं तर घड्या नीट मिटत नसतील, दाखवून घ्या.

दही, ताक, आईस्क्रीम, लिंबू, चिंच बंद करायचं का?

खाल्लेलं अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवत नाही. त्यामुळं दह्यानं आवाज जातो असं सरसकट मी म्हणत नाही. कुणाला दुधा-दह्यानं लाळ घट्ट वाटते, त्यानं कार्यक्रमाच्या दिवशी टाळावं. थंड पाण्याचं पण तसंच, ज्याला सोसतं त्यानं प्यावं.

खरा शत्रू ॲसिडिटी आहे आणि तो कुणी विचारत नाही. रात्री साडेदहाला तर्रीदार रस्सा, वर दोन भाकरी, अकराला आडवं. झोपेत पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं, छातीत जळजळ होईलच असं पण नाही, पण सकाळी आवाज जाड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरणं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी जेवायची वेळ विचारते, राग कुठला चालू आहे ते नंतर.

आणि कार्यक्रमाआधी भडंग खायचं नाही. सांगलीकर असून सांगते. कुरमुऱ्याचा एक तुकडा आणि तिखटाची चिमूट घशाच्या मागं जाऊन बसली की पूर्ण पहिला अंतरा ठसक्यात जातो, स्टेजमागं माझ्याच एका विद्यार्थिनीचं झालंय.

ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध?

चघळलं की लाळ सुटते, गिळलं जातं, बरं वाटतं. ज्येष्ठमध कधीमधी ठीक, पण रोज मूठभर चघळणाऱ्यांनी सांभाळा, त्यानं बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. हळद-दूध गरम असतं, आजी देते, झोप चांगली लागते, मी पण पिते. सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालंय ते हळद म्हणून, आवाजाचं औषध म्हणून नाही. उलट मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत दिवसभर काम करणारा एक मुलगा माझ्याकडं येतो, त्याचा खोकला मास्क वापरायला लागल्यावर कमी झाला. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर आवाज घोगरा होऊ शकतो.

पाणी किती प्यायचं?

लघवी फिकट राहील इतकं. गाण्याआधी गटागटा लिटरभर प्यायल्यानं फक्त मध्येच उठावं लागतं. प्यालेलं पाणी पोटातून रक्तात आणि मग तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून सकाळपासून थोडं थोडं. सर्दीच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो हे पण ध्यानात ठेवा.

तंबाखू, मावा, मिश्री?

नाही. ‘फक्त दातालाच लावते हो बाई’ हे पण नाही.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, छान गायचा, आता आवाज फुटलाय. गाणं बंद करू का?

बंद नको, पट्टी बदला. या वयात मुलांचा गळा भराभर वाढतो, घड्या लांब आणि जाड होतात, मेंदूला नवीन गळ्याचा हिशोब लागलेला नसतो म्हणून बोलता बोलता किंचाळी निघते. वर्ष-दीड वर्ष त्याला मधल्या पाच-सहा सुरांत गाऊ द्या, सरगम, अलंकार, तबला-हार्मोनियम शिकू द्या, थिअरी करून घ्या. जुन्या पट्टीत स्पर्धेला उभं करू नका, चार लोकांत आवाज फाटला की मूल कायमचं गप्प होतं, हे नुकसान घशाच्या नुकसानापेक्षा मोठं. मुलींचा पण आवाज बदलतो, फक्त हळूच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पाळीच्या दिवसांत आवाज जड का लागतो?

हार्मोन्समुळं घड्यांना जराशी सूज येऊ शकते. सगळ्यांना होत नाही. जड वाटलं तर वरच्या ताना दोन दिवस बाजूला ठेवा.

मी ५८ वर्षांची आहे, आता शिकून उपयोग आहे का?

तुम्ही क्लासला या, उपयोगाचं नंतर बघू. वयानं घड्या पातळ होतात, दम कमी पडतो, बायकांचा आवाज उतरतो. नियमित हलक्या रियाजानं यातलं बरंच सावरतं. परीक्षा द्यायची असेल तर ती पण द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक द्यायला वयाची लाज कसली. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं ते इथंच शेजारच्या कुरुंदवाडचे आणि गाणं शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं, म्हणजे घरचीच परीक्षा की ही.

तानपुरा घ्यावा की ॲप चालेल?

सुरुवातीला ॲप चालेल, फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात खर्जाची तार ऐकूच येत नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर लावा. पुढं जमलं तर मिरजेचा तानपुरा घ्या, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. समोर जवारी लागलेला, म्हणजे तारांना छान गुंजन येणारा, तानपुरा वाजत असला की माणूस आपोआप हळू गातो, हे मी कितीतरी जणांच्यात बघितलंय. हार्मोनियम जोरात वाजवली की आपण पण जोरात गातो.

कराओकेत मूळ पट्टीत गायलं तरच खरं ना?

कुणी सांगितलं? मूळ गायकाचा गळा त्याचा होता. ॲपमध्ये पट्टी खाली-वर करायचं बटण असतं, अर्ध्या-अर्ध्या सुरानं सरकतं, दोन-तीन घरं खाली घ्या. आमच्या इथले रिटायर्ड लोकांचे कराओके ग्रुप फार जोरात आहेत, हौस मोठी, पण मूळ पट्टीचा हट्ट त्याहून मोठा.

मिरवणुकीत डॉल्बीसमोर ओरडल्यावर दोन दिवस आवाज जातो, त्याला काय करायचं?

ओरडू नका. गोंगाटात आपण न ठरवता आपोआप आवाज चढवतो, आपल्याला कळत पण नाही, ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी तर खुणांनी बोलायची सवय लावावी. स्टेजवर पण हेच होतं. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ताणून गातो. साउंडवाल्याला सांगा, दादा मॉनिटर, म्हणजे स्टेजवरचा आपल्याला ऐकायचा स्पीकर, माझ्याकडं वळवा आणि आवाज माझाच द्या, तबला नको. तो नाक मुरडेल, मुरडू दे.

सप्ताहात सलग सात दिवस गायचंय, आवाज टिकवायचा कसा?

दिवसा कमी बोला, दुपारी झोपा, चाल म्हणताना आळीपाळीनं म्हणा, प्रत्येक अभंगाला सगळ्यांनी सगळं ओढायचं नाही, कोरस कशाला असतो मग. माझ्याकडं तासगावकडचे एक काका येतात, पासष्टीचे, भजनात पुढं गाणारे. दरवर्षी चौथ्या दिवशी त्यांचा आवाज जायचा आणि उरलेले तीन दिवस ते नुसते टाळ वाजवत उभे राहायचे. गेल्या वर्षी मंडळाशी भांडून त्यांनी पट्टी काळी चारवरून काळी दोनला आणली, पखवाजाची ओढ कमी करायला लागली, वादी, म्हणजे चामड्याची ओढपट्टी, सैल करून, शाईच्या उलट बाजूला कणीक जरा जास्त थापून. पखवाजवाला पहिले दोन दिवस बोलत नव्हता, म्हणे पखवाज मेल्यासारखा वाजतोय. काल्याच्या कीर्तनादिवशी काकांनी मला फोन केला, मागं टाळ चालू होते, मला शब्द काही कळले नाहीत पण आवाज त्यांचाच होता, स्वच्छ.